टिकाऊ स्वयंपाकघर : एका गृहस्थाचे अनुभव

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाची संहिता)



या व्याख्यानमालेत एक पुष्प मी गुंफावे, असे कार्यवाहांनी मला सुचविले तेव्हा ते मला निवृत्तिवेतनाचे नियम किंवा प्राप्तिकर यांवर बोलावयास सांगणार, अशी माझी समजूत झाली होती. केंद्र सरकारच्या सेवेत तेहतीस वर्षे हिशेब तपासण्यात घालविलेल्या माणसाकडून दुसरी कसली अपेक्षा करणार? परंतु ते म्हणाले, "मागच्या गणपतीत तुमच्या घरचा ओटा पाहिला. त्याविषयी बोला." मी क्षणभर स्तब्ध झालो. मी स्थापत्यविशारद नाही, अभियंता नाही. बी.ए.ला माझा विषय इतिहास होता. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार इतकाच, की एकच स्वयंपाकघर दहा वर्षांत दोनदा करण्याची पाळी माझ्यावर आली, आणि पहिल्या खेपेस ज्या चुका झाल्या त्या साऱ्या माझ्या सहीनिशी झाल्या.

आपणांपैकी बहुतेक कुटुंबे बदलीच्या नोकरीतली. कुणी रेल्वेत, कुणी बँकेत, कुणी सैन्यात. सरकारी निवासस्थानातील स्वयंपाकघर हे आपले कधीच नसते. भिंतीत खिळा ठोकायचा तरी अर्ज करावा लागतो. माझ्या सौभाग्यवतीने विवाहानंतरच्या वीस वर्षांत भोपाळ, शिलाँग, चेन्नई आणि जयपूर मिळून सहा ओट्यांवर पोळ्या लाटल्या. त्यांतला एकही तिची उंची विचारून बांधलेला नव्हता. तिची उंची बरोबर पाच फूट आहे. शिलाँगच्या घरी ती पाटावर उभी राहून पोळ्या करीत असे, आणि आम्ही सारे त्याला हसत असू. आता आठवले म्हणजे त्या हसण्याची लाज वाटते.

२०१२ साली आम्ही जयपुरात सदनिका घेतली. आयुष्यातले पहिले स्वतःचे स्वयंपाकघर. उत्साह दांडगा, आणि माहिती शून्य. ठेकेदाराने रंगीत छायाचित्रांची एक वही पुढे ठेवली आणि म्हणाला, "साहब, चमक देखिए." आम्ही चमकच पाहिली. ओट्याला पांढरा संगमरवर, कारण मकराणा येथून जवळ आणि ज्या दगडाने ताजमहाल घडला तो आपल्या घरी असावा असा माझ्यातल्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला मोह. खाली चकचकीत कपाटे. जमिनीवर आरशासारखी पॉलिश केलेली व्हिट्रिफाइड फरशी. खर्च सुमारे दीड लाख रुपये झाला. वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्यांनी मुक्तकंठाने स्तुती केली.

पहिला धक्का आठव्या दिवशी बसला. रात्री सरबताला चिरलेल्या लिंबाची अर्धी फोड ओट्यावर पालथी राहिली होती. सकाळी तिथे रुपयाएवढे निस्तेज वर्तुळ उमटलेले. साबणाने जाईना, सोड्याने जाईना. पुढे समजले, की तो डागच नव्हे. संगमरवर म्हणजे बव्हंशी कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल पडले की ते विरघळते. म्हणजे दगडाचा वरचा पापुद्राच तेवढ्या जागी खाल्ला गेला होता, आणि जे गेलेच ते धुऊन परत कसे येणार? पुन्हा पॉलिश करणे हाच उपाय. आता विचार करा, मराठी स्वयंपाकघरात आम्ल कुठे नाही? आमसूल, चिंच, लिंबू, दही, ताक. आमटी आणि सोलकढी करणाऱ्या घराने संगमरवरी ओटा करणे म्हणजे धोब्याने कागदाचा दगड करण्यासारखे आहे. वर्षभरात आमचा ओटा देवीच्या व्रणांनी भरलेल्या चेहऱ्यासारखा दिसू लागला.

कपाटांची गोष्ट याहून वाईट. ती लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीची होती, वर चकचकीत कागद. सिंकच्या खालच्या नळाला बारीकशी गळती होती. दिवसाला चमचाभर पाणी पडत असेल. तिसऱ्या पावसाळ्यात कपाटाचा तळ भिजलेल्या बिस्किटासारखा फुगला, बिजागऱ्यांचे स्क्रू निघून हातात आले, आणि दार सौभाग्यवतीच्या पायावर पडले. उरलेल्या भागात वाळवीने संसार थाटला होता. राजस्थानच्या कोरड्या भूमीत वाळवी किती उदंड आहे, हे येथे जुन्या रहिवाशांना सांगावयास नको.

आणि फरशी. येथे मला थोडे थांबून बोलावे लागेल.

२०१८ च्या श्रावणात माझी आई गावाहून आमच्याकडे आली होती. आमचे मूळ घर वाईजवळ. आई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची, काटक, स्वतःचे पाणी स्वतः घेणारी. सिंकसमोर भांडी विसळताना सांडलेले चार थेंब पाणी होते. त्या आरशासारख्या फरशीवर ते दिसलेच नाही. ती पडली, आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, सहा महिने आमच्याकडे राहिली, वॉकर घेऊन चालू लागली, आणि मग हट्टाने गावी धाकट्या भावाकडे परत गेली. त्या सहा महिन्यांत ती एकदाही स्वयंपाकघरात आली नाही. उंबऱ्यापाशी खुर्ची टाकून बसे आणि तेथूनच सौ.ला सूचना देई. डॉक्टरांनी मला विचारले होते, फरशी कसली आहे? मी सांगितले. ते काही बोलले नाहीत, त्यांनी नुसते लिहून घेतले. फरशीचा तो नमुना दुकानात मी स्वतः निवडला होता, आणि सौ.ने "जरा गुळगुळीत वाटते" असे म्हटले असता "चांगली पुसली जाईल" असे उत्तरही मीच दिले होते.

म्हणून टिकाऊपणाचा विचार मी आता ज्या क्रमाने करतो, तो दुकानदार सांगतात त्या क्रमाने करीत नाही. दगडाआधी माणूस टिकला पाहिजे. फरशी निवडताना तिच्यावर पाणी ओता, साबणाचे बोट फिरवा आणि अनवाणी उभे राहून पाहा. दुकानदार रागावला तर दुसऱ्या दुकानात जा. पृष्ठभाग खरखरीत, म्हणजे बाजारात ज्याला मॅट म्हणतात तसा हवा. चांगल्या कंपन्यांच्या फरश्यांवर न घसरण्याचा दर्जा आर-९, आर-१०, आर-११ असा दिलेला असतो. स्वयंपाकघरासाठी आर-१० च्या खाली जाऊ नये, असे मी म्हणेन. व्हिट्रिफाइड फरशी पाणी अर्ध्या टक्क्याहूनही कमी शोषते, त्यामुळे ती टिकते यात संशय नाही. दोष तिच्या जातीत नसून पॉलिशमध्ये आहे. आमच्या या भागात कोटा दगड मुबलक मिळतो. थोडा हिरवट, थोडा निळसर. पॉलिश न केलेला कोटा पायाला फार सुखावह, उन्हाळ्यात गार. पण तोही चुनखडकच, तेव्हा आम्ल त्यालाही बाधते. जमिनीवर लिंबू क्वचितच सांडते, म्हणून तेथे तो चालतो. ओट्यावर नको. आपल्याकडच्या शहाबादी फरशीचा न्यायही हाच.

आता ओट्याचा दगड. २०२२ साली दुसऱ्यांदा काम काढले तेव्हा मी बाजारात जाण्यापूर्वी चार महिने वाचन केले. सरकारी नोकराला एक सवय असते, की निविदा काढण्याआधी टिपण तयार हवे. त्या टिपणाचे सार असे की आपल्या स्वयंपाकाला अग्निजन्य खडक हवा, म्हणजे ज्याला आपण ग्रॅनाइट म्हणतो तो. लिंबू-चिंचेचे त्याच्यापुढे काही चालत नाही, सुरीने ओरखडा उठत नाही, आणि गरम कढई उतरवून ठेवली तरी तो सहसा तक्रार करीत नाही. राजस्थानातच जालोर हे ग्रॅनाइटचे मोठे केंद्र आहे. दक्षिणेतून काळा ग्रॅनाइट येतो. आम्ही काळा घेतला, आणि त्याचे एक कारण आपणांस सांगण्यासारखे आहे. बाजारात ज्याला काळा ग्रॅनाइट म्हणतात तो भूशास्त्राच्या दृष्टीने बहुधा ग्रॅनाइट नसतोच. तो डोलेराइट किंवा गॅब्रो या जातीचा असतो. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, ज्याचे पाटे-वरवंटे आणि जाती झाली, तो आणि हा एकाच जातीच्या शिलारसाचे. एक पृष्ठभागावर भराभर निवाला, दुसरा खोलवर सावकाश. हे वाचल्यावर दर चौरस फुटामागे थोडे अधिक मोजताना माझे मन कचरले नाही. सौ.ने मात्र वेगळ्या कारणाने होकार दिला. तिच्या मते हळद काळ्यावर दिसत नाही.

काळ्याचा तोटाही सांगितला पाहिजे. येथील कूपनलिकांचे पाणी जड. ओट्यावर वाळले की क्षारांचे पांढरे ठिपके राहतात आणि काळ्यावर ते चांदण्यासारखे चमकतात. रात्री ओटा कोरडा पुसून ठेवणे याला पर्याय नाही. आणखी एक सावधगिरी. फिकट दगड रंगवून काळा म्हणून विकण्याची चलाखी काही ठिकाणी चालते. पांढरे फडके थिनरमध्ये बुडवून दगडाच्या पाठीवर आणि कडेवर घासावे. फडके काळे झाले तर नमस्कार करून बाहेर पडावे.

हल्ली कृत्रिम क्वार्ट्झची लाट आहे. दिसावयास सुंदर, एकसारखा रंग. पण त्यात दगडाचा चुरा राळेने बांधलेला असतो, आणि ती राळ आपल्या तव्याच्या उष्णतेपुढे टिकत नाही. जेथे फोडणीची कढई रोज खाली उतरते, त्या घराचे हे काम नव्हे. शिवाय तो कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिकाचे प्रमाण इतके असते, की कारागिरांच्या फुप्फुसांना झालेली इजा पाहून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्याच्या वापरावर बंदी घातली. ग्रॅनाइटच्या धुळीतही सिलिका असतेच. म्हणून आमच्याकडे दगड कापला तो पाणी सोडून आणि उघड्यावर, आणि कारागिरांना मुखपट्ट्या मी आणून दिल्या. त्यांनी त्या पहिला अर्धा तास लावल्या.

दगड बसविणारा मिस्त्री मकराण्याकडचा, वयाने माझ्याहून मोठा. त्याने दगडाला हात लावण्यापूर्वी मला विचारले, की पाणी कुठून येणार आणि कुठे जाणार, ते आधी सांगा. मला हे कुणीच विचारले नव्हते. त्याने ओट्याला सिंकच्या दिशेने नुसत्या डोळ्यांना कळणार नाही असा उतार दिला. पुढच्या काठाला किंचित उंचवटा ठेवला, म्हणजे सांडलेले पाणी पोटावर येत नाही. आणि दगडाच्या पुढे आलेल्या भागाच्या खालच्या अंगाला, काठापासून बोटभर आत, एक बारीक खाच मारली. काठावरून ओघळलेला थेंब दगडाला चिकटून मागे कपाटापर्यंत जात असतो. त्या खाचेपाशी तो अडतो आणि खाली गळून पडतो. या खाचेला पाच रुपयांचासुद्धा खर्च नाही. पहिल्या खेपेस ती असती तर अर्धी कपाटे वाचली असती. सिंकसाठी दगड कापतात तेव्हा पुढे जी अरुंद पट्टी उरते, तेथेच दगड तडकतो. ती निदान तीन इंच असावी, खाली आधार असावा, आणि दोन दगडांचा सांधा सिंकपाशी कधीही येऊ देऊ नये.

सिंकविषयी एक गैरसमज दूर करतो. पुष्कळ जण खिशात लोहचुंबक घेऊन दुकानात जातात. चिकटला नाही की पोलाद उत्तम, असे मानतात. मीही गेलो होतो. परंतु ३०४ क्रमांकाचे चांगले पोलाद आणि २०२ क्रमांकाचे हलके पोलाद, दोन्हींना चुंबक सहसा चिकटत नाही. ३०४ मध्ये क्रोमियम सुमारे अठरा टक्के आणि निकेल आठ टक्के असते. २०२ मध्ये महागड्या निकेलचा बराचसा वाटा काढून त्याऐवजी मँगेनीज घातलेले असते, आणि मीठ-पाण्यापुढे ते लवकर हार मानते. तेव्हा चुंबकावर विसंबू नका. ठसा पाहा आणि बिलावर क्रमांक लिहून घ्या.

लाकडाची गोष्ट थोडक्यात. सिंकच्या खाली लाकूड नकोच. आम्ही आमच्या आजोळच्या जुन्या ओट्यासारखे दगडाचे उभे खांब दिले आणि पुढे नुसती ॲल्युमिनियमच्या चौकटीची दारे लावली. इतरत्र प्लायवुड वापरावयाचे तर ते आय.एस. ७१० या मानकाचे. त्यातले थर फिनॉलच्या डिंकाने चिकटविलेले असतात, आणि उकळत्या पाण्यात बहात्तर तास ठेवूनही ते सुटू नयेत अशी त्याची कसोटी आहे. एका दुकानदाराने "वॉटरप्रूफ" म्हणून दिलेला तुकडा आम्ही घरी जुन्या पातेल्यात शिजविला. तीन तासांत त्याची पाने वहीसारखी सुटली. दुसऱ्या दुकानातला तुकडा रात्रीपर्यंत शिजला आणि तसाच राहिला. शेजारच्या बाईंनी सौ.ला विचारले, आज काय केले आहे? हा प्रयोग मी आपणांस मनापासून सुचवितो, मात्र पातेले नंतर स्वयंपाकास घेऊ नये.

उंचीचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. १९२६ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात मार्गारेटे श्यूटे-लिहोट्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी कामगारांच्या घरांसाठी एक छोटे स्वयंपाकघर आखले. तसे सुमारे दहा हजार बांधले गेले, आणि आजचे सारे आधुनिक ओटे एका अर्थी त्याचेच वंशज आहेत. त्या आखणीपूर्वी आपण कधी स्वयंपाकघर चालविले नव्हते, असे बाईंनीच पुढे सांगितले. हे वाचून मला धीर आला. परंतु ती रचना उभ्याने, एकटीने, भराभर काम करणाऱ्या बाईसाठी होती. आपले स्वयंपाकघर तसे कधीच नव्हते. माझी आजी चुलीपुढे बसून रांधायची. आमच्या घरी उभा ओटा आला तो १९७८ साली, कडाप्प्याचा. मी दहा वर्षांचा होतो. आई पहिले आठ दिवस पाय दुखतात म्हणून कुरकुरत होती. तो ओटा आजही तसाच आहे, लिंबाचे व्रण अंगावर घेऊन. पण तो आईच्या उंचीचा आहे, कारण गवंड्याने तिला उभे करून कोपरापाशी भिंतीवर कोळशाची रेघ मारली होती आणि त्याखाली चार बोटे मोजून दगड बसविला होता. त्रेचाळीस-चव्वेचाळीस वर्षांनंतर मी पुस्तकांत जो नियम वाचला तो यापेक्षा वेगळा नाही. घरात वापरावयाच्या चपला घालून उभे राहावे, कोपर काटकोनात वाकवावे आणि जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीतून चार ते सहा इंच वजा करावे.

सौ.चे कोपर अडतीस इंचांवर येते. ठेकेदार सगळ्यांना चौतीस ते छत्तीस इंच देतात. त्यावर शेगडीचे पाचेक इंच चढले, की कढईचा काठ खांद्याच्या जवळ जातो. दहा वर्षे ती खांदा दुखतो म्हणत होती आणि आम्ही मलमे आणीत होतो. या खेपेस आम्ही ओटा दोन पातळ्यांचा केला. चिरणे, विसळणे यांसाठी तेहतीस इंच. शेगडी आणि पोळपाट यांसाठी तीस. पोळी लाटताना अंगाचा भार वरून द्यावा लागतो, कणीक मळताना तर अधिकच. ठेकेदाराचे म्हणणे पडले, की असे केल्यास घराला पुढे गिऱ्हाईक मिळणार नाही. मी म्हणालो, विकावयाचे आहे कुणाला?

बोलून गेलो खरा, पण त्या रात्री मला झोप आली नाही. कारण त्या क्षणापर्यंत आमच्या घरात हा प्रश्न कुणी उघडपणे विचारलाच नव्हता. २०२८ साली मी निवृत्त होणार. बदलीच्या आयुष्यात आपण सारेच एक वाक्य बोलत असतो : पुढे गावी जाऊच. ते वाक्य आहे तोवर भाड्याच्या ओट्याचे काही वाटत नाही. मुलगी बंगळुरात, मुलगा येथेच नोकरीला. गावच्या घरात भाऊ राहतो आणि आनंदात राहतो. रविवारी दूरध्वनीवर मी आईला उत्साहाने सांगू लागलो, की ग्रॅनाइट घेतला, दोन पातळ्या केल्या, खाली दगडी खांब दिले, पन्नास वर्षे हलणार नाही. आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे आता तुम्ही इकडे येत नाही, तर."

मी काहीबाही उत्तर दिले. सौ. शेजारी उभी होती. तिने फोन घेतला आणि आईला विचारले, विळीसाठी जागा किती ठेवू?

हा प्रश्न तिला सुचला, मला सुचला नसता. आराखडा करणाऱ्या तरुणाने स्वयंपाकघराच्या मधोमध एक स्वतंत्र ओटा दाखविला होता, बेटासारखा. "मग विळी कुठे मांडू?" असे सौ.ने विचारले तेव्हा त्याला विळी म्हणजे काय तेच कळेना. तिने माळ्यावरून काढून दाखविली. त्याने तिच्याकडे एखाद्या जुन्या शस्त्राकडे पाहावे तसे पाहिले. शेवटी ते बेट रद्द झाले आणि खिडकीखाली सहा फूट बाय पाच फूट जमीन मोकळी राहिली. नारळ खवायचा तो तेथे, फणस चिरायचा तो तेथे. दिवाळीच्या चकल्या आणि गणपतीचे मोदक करायला चार जणी बसतात त्या तेथेच. भिंतीला चार पाट टांगण्यासाठी आकडे आहेत, आणि आईच्या सूचनेवरून कमरेच्या उंचीवर एक मजबूत पोलादी दांडा बसविला आहे. उठताना धरावयास. २०२३ च्या गणपतीत आई आली. वॉकर दाराशी ठेवून, दांडा धरून, पाच वर्षांनी ती आमच्या स्वयंपाकघरात शिरली. ओट्यावर तळहात फिरवून म्हणाली, "उंच आहे." तिच्या उंचीला तो उंचच आहे, कारण ती चार फूट आठ इंच. मग खाली बसता येत नाही म्हणून स्टुलावर बसून तिने खवलेला नारळ निवडला.

वेळ संपत आली, तेव्हा उरलेले भराभर सांगतो. सिलिंडर कपाटात ठेवीत असाल तर त्या कपाटाला तळाशी जाळी हवी, कारण सिलिंडरमधला वायू हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर खाली साचतो. ज्यांच्याकडे नळाचा वायू आला आहे त्यांची गोष्ट उलट. तो हवेपेक्षा हलका, त्याला वरून वाट हवी. रबरी नळी पाच वर्षांनी बदला, बरी दिसली तरी. धूर ओढणाऱ्या चिमणीचा नळ जितका आखूड आणि सरळ तितका चांगला. प्रत्येक वळण तिची निम्मी मेहनत खाते, असे आमचा मिस्त्री म्हणे. निम्मी नसेल, पण खाते खरी. भिंतीच्या फरश्यांच्या सांध्यांत साधे सिमेंट भरू नका, हळद आणि तेल त्यात कायमचे मुरते. इपॉक्सी भरा. महाग आहे, पण फरश्यांवर सांडलेले लगेच पुसून घेणारा कारागीर हवा, नाहीतर तेच कायमचे चिकटते. विजेच्या जोडण्या सिंकपासून दूर, आणि गळती होताच प्रवाह तोडणारे यंत्र पेटीत असल्याची खात्री करा.

कुणी खर्च विचारील म्हणून सांगतो. दुसऱ्या खेपेस दोन लाख नव्वद हजार रुपये लागले. पहिल्या खेपेचे दीड लाख भागिले तीन वर्षे हा हिशेब मी कपाटाच्या आतल्या बाजूस पेन्सिलीने लिहून ठेवला आहे. दुसऱ्याचा भागाकार करावयास अजून अवकाश आहे.

शेवटची सूचना. भिंत बंद करण्यापूर्वी आतले सारे नळ आणि तारा यांची छायाचित्रे काढा, प्रत्येक छायाचित्रात मोजपट्टी दिसेल अशी धरा, आणि उरलेल्या फरश्यांपैकी निदान आठ-दहा माळ्यावर ठेवून द्या. तीच छटा पुन्हा मिळत नाही. ज्यांना आमचा ओटा पाहावयाचा असेल त्यांनी अवश्य यावे. उंची मोजून नेण्यासाठी मोजपट्टी आमच्याकडे आहे. सौ.चा निरोप इतकाच, की सकाळी साडेदहाच्या आत येऊ नये.